कोरडा ठप्पा नको

मी, स्वाती पुष्कर उदगीरकर, वय सत्तावीस, राहणार काचीगुडा, स्टेशनच्या मागची गल्ली, हैदराबाद, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, बिघडलीय ती छाती. सोमवारी हार्टची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. मी घाबरलेय, पण लिहिते ते समजून लिहिते. कुणी बसवून लिहून घेत नाही. शिकले सातवीपर्यंत, म्हणून चुका दिसतील. त्या माझ्या आहेत, सुधारू नयेत.

माझे धाकटे दीर मकरंदभावजी वकिलाच्या ऑफिसात आहेत. काल म्हणाले, "वहिनी, कायको परेशान व्हायलात? मी टाइप करून आणतो, तुम्ही खाली अंगठा लावा, बस." मी म्हटलं, "नक्को भावजी, मला सही येते." का नको ते पुढं लिहिते.

१. शिलाई मशीन बहीण रंजनाला, बिदरला. पायडल कुरकुरतं, तेल घालावं.

२. पाटल्या आणि मंगळसूत्राचं सोनं माझी मुलगी राणी, वय चार, हिला. मोडू नये. सुलतान बाजारातनं घेतलेली मोरपंखी साडीपण तिलाच. ती मी एकदाच नेसले. भावजी म्हणाले, "आईला हा रंग चालत नाही." मग ट्रंकेत टाकली. तीन वर्षांनी सासूबाईच म्हणाल्या, "ती मोरपंखी का गं नेसत नाहीस? चांगली दिसली होतीस." मी तेव्हा हसले. हसायला नको होतं, विचार करायला पाहिजे होता.

३. माझे मिस्टर पुष्कर कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांची पुस्तकं राणीला, रद्दीत घालू नयेत. सगळी इंग्लंडच्या जुन्या राजांची. त्यांनी दोन फळ्या समोरासमोर ठोकल्या होत्या, एकमेकांशी न पटणारी पुस्तकं दोन बाजूला. मी भाकरी थापायचे, ते ओट्याला टेकून सांगायचे. राणीचं नावपण तिथलंच, लग्न न केलेल्या त्या राणीवरनं. एकजण लिहितो, ती दरबाऱ्यांना आपसात झुंजवून राज्य करायची. दुसरा लिहितो, झुंजबिंज काही नाही, बहुतेक वेळा सगळे मिळून चालवायचे.

मी विचारलं, "मग खरं कोण?"

"तू सांग."

"मी काय सांगू? माझी भाकरी करपायली."

ते हसले. म्हणाले, "कागद कुणी लिहिला, कुणाच्या फायद्याचा, आणि कुणाला विचारलंच नाही, एवढं बघायचं. तरी कधीकधी नाही कळत."

त्या राणीचा बाप, आठवा हेन्री, शेवटी फार आजारी होता. सही करायला नको म्हणून त्याच्या सहीचा ठप्पा केला होता. कोरडाच दाबायचा, कागदावर खूण उठायची, मग कारकून त्यात शाई भरायचा. त्याच्या मृत्युपत्रावरपण तोच ठप्पा. पोरगा नऊ वर्षांचा. राजानं सोळा माणसं नेमली, कुणी एक मोठा होऊ नये म्हणून. राजा गेला आणि थोड्याच दिवसांत पोराचा मामा सगळ्यांच्या वर जाऊन बसला. एका फळीवरची पुस्तकं म्हणतात, राजा अंथरुणात पडून होता, भोवतीच्यांनी पाहिजे ते लिहून घेतलं. समोरची म्हणतात, छट्, शेवटपर्यंत सगळं त्याच्याच मुठीत होतं, ठप्पा फक्त हाताला त्रास नको म्हणून. पुष्कर म्हणायचे, "स्वाती, शेवटी ठप्पा कुणाच्या हातात होता ते महत्त्वाचं." मी म्हटलं, "आणि तो दुसऱ्याच्या हातात दिला कुणी?" ते म्हणाले, "हे लिहून ठेवतो." ठेवलं का नाही, माहीत नाही.

४. आता राणीचं. ह्यासाठीच बाकीचं लिहिलं.

सासरे गेल्यापासून सासूबाई पद्मावतीबाई चातुर्मासात मौन धरतात. चार महिने बोलत नाहीत, आत्तापण मौनच चालू आहे. देवघरात भावजी एकटेच जातात, त्या हातानं खुणा करतात, भावजी बाहेर येऊन सांगतात, "आई म्हणायली." घर त्याच्यावर चालतं.

दोन वर्षांमागं भाद्रपदात पुष्करना डेंग्यू झाला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ. भावजी देवघरातनं आले. "आई म्हणायली, ताप उतरेल, घाई नको." मी थांबले. पुष्कर गेले.

त्या दिवसापासून मी सासूबाईंना मनात शिव्या दिल्या. ताट वाढलं, पण तोंडाकडं बघितलं नाही. मागच्या कार्तिकात त्यांचं मौन सुटलं तेव्हा मला म्हणाल्या, "एक विचारू का गं? पुष्करला दवाखान्यात नको म्हणालीस ती तूच ना? मकरंदनं सांगितलं तसं." माझ्या हातातलं पातेलं पडलं. भावजींना विचारलं तर म्हणाले, "आईनं हात असा केला. मला तसं वाटलं. आणि वहिनी, तुम्ही पण थांबलातच की."

आता दोन्ही फळ्या माझ्या घरात आहेत. एक म्हणते, बाईच राज्य करते, गप्प बसून करते. दुसरी म्हणते, तिच्या नावानं दुसराच करतो. मी वर्षभर तोलतेय. भावजींचा फायदा दिसतो, घर सगळं त्यांच्याकडं येतं. पण पोटचा पोरगा तापानं फणफणत असताना आई बाहेर येऊन एक शब्द बोलली नाही, हे कुणी लपवणार? कळत नाही. पुष्कर असते तर त्यांनापण कळलं नसतं.

म्हणून असं ठरवते. राणीच्या पालक सासूबाई. राणीवर त्यांचा जीव आहे, तेवढं मी डोळ्यानं बघितलंय. अट एकच: मौन सोडायचं. राणीविषयी भावजींच्या तोंडून आलेला एकही शब्द धरू नये. ही अट आज, साक्षीदारांपुढं, तोंडानं कबूल करावी. सही नको, अंगठा नको, खूण नको.

कबूल नसेल तर राणी रंजनाकडे जाईल. रंजनाचा नवरा पोरींवर हात उचलतो, मला माहीत आहे. पण तिथं कोण मारतंय ते तरी पोरीला दिसेल.

५. राणीला सोमवारचं काही सांगू नये. आई दवाखान्यात गेली, एवढंच. मात्र तिला कुणीतरी वेळेवर नेलं, हे सांगावं.

वरचं सगळं मी देवघराच्या दारात उभी राहून मोठ्यानं वाचलं आणि त्यानंतर सही केली.

स्वाती पुष्कर उदगीरकर

साक्षीदार: स्वातीबाईंनी आमच्यादेखत वाचलं आणि सही केली. पद्मावतीबाई आत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं. वाचून झाल्यावर त्यांनी मान हलवली. आवाज आला नाही. माझ्या मते तो होकार होता.
कुलदीप मुखेडकर, पुष्करसोबत शिकवणारा, विद्यानगर

ती मान नकाराची होती. मी दारातच होते.
उषा कंधारकर, शेजारीण

मान मीपण बघितली. नुसत्या मानेच्या भरवशावर मी माझी पोर ठेवणार नाही. राणी रंजनाकडे.

स्वाती
काचीगुडा, हैदराबाद
शनिवार, ३० ऑगस्ट २०२५