आला म्हनला तवा काटा कुठं होता

१२ जून, गुरुवार
बुढा काल डोळ्याच्या दवाखान्यातून तसाच वापस आला. मोतीबिंदू पिकला, नंबर लागला, थेंब टाकले, आन् मंग सिस्टरनं दंडाले पट्टा बांधला तं १८४. डॉक्टर म्हने, आजोबा, रक्त असं उसळत असताना डोळा उघडला तं आतमधी सांडन, हाये तेवढं बी दिसनं जाईन. एक डोळा तं तरुनपनीच तुरीच्या खुटानं गेला. हा एकच.
गोळी बदलून देली. घरी रोज दोनदा मोजा, वहीत लिवा, १ जुलैले वही घेऊन या. वरचा आकडा दीडशाच्या आत पाह्यजे.
नात प्रज्ञा नर्सिंग शिकते. तिनं तिचं हातानं हवा भराचं मशीन देलं, एकदा शिकवलं आन् सकाळच्या गाडीनं बुलढान्याले गेली. म्हने, आजी, तारीख आन् दोन आकडे लिव, बस. एवढ्या मोठ्या पानावर दोन आकडे टाकून बाकी कोरं सोडाले मी काय सरकार हाये? प्रौढ वर्गात अक्षर शिकली ते अंगठ्याले आराम म्हनून नाही.

१३ जून
पट्टा, रबराचा फुगा, घड्याळावानी काटा, कानात घालाच्या नळ्या. पह्यल्यांदा हवा एकदम सुटली, काटा धपकन पडला. दुसऱ्यांदा सुटेचना. बुढा बोंबलला, "अवं हात तोडतं का!"
तिसऱ्यांदा आयकू आलं. दूर वावरात कोनी खुटा ठोकते तसं. ठक, ठक. मंग मऊ, मंग गप. पह्यला ठक आला तवा काटा १७८. गप झाला तवा ९८.
बावन वर्सं या मानसासंग राह्यली, रक्त आज आयकलं. बोलन्यापक्षा बरं हाये. मधात थांबते तरी.
बकरीचं बी आयकलं. तिचं भलतंच घाईचं. रांजनाले लावलं, काई नाही.

१५ जून, रविवार
स. १८२. सां. १७६.
गोळी घेते. मीठ म्या अर्धं केलं (रोज तोंड वाकडं). मंग उतरत काऊन नाही?
प्रज्ञाले फोटूवाला फोन केला आन् मोजून दाखवलं. पोट्टी वरडलीच. "आजी! आजोबाले उकड बसवून मोजतं?"
मंग कसं बसवू? हा मानूस चहा दोन पायावर उकड बसून पेते, दाढी उकड करते, ग्रामसभेत बी उकडच. घरात एक खुर्ची, ती पाहुन्याची, तिच्यावर गोधड्या रचल्या. पोट्टी म्हने, उकड बसलं का आकडा फुकट चढते. खुर्चीवर बसव, पाठ टेकव, पाय जमिनीले, हात छातीच्या बरोबर. पाच मिन्टं बोलू देऊ नोको.
गोधड्या काढल्या. हाताखाली गव्हाचा पिपा, त्याच्यावर उशी. बुढा खुर्चीवर असा बसला जसा नवरदेव. गप बसवाले म्या दोनदा डोळे वटारले, त्याले दिसले नाही.
१६६!
दहा आकडे नुसते बसन्यानं गेले. मले मोठी गंमत वाटली. आता पाह्यतोच, याचं कायनं चढते आन् कायनं उतरते.

१६ जून
चहा पेल्यावर १७२. लघवी दाबून बसला तवा १७४, जाऊन आला तं १६४. म्हने, "आता त्याचा बी हिशेब लिवतं का?" लिवला.

१८ जून, बुधवार
सुनंदा आली, अंगनवाडीवाली. पौर्निमेपासून वर्षावास लागते, तीन महिने विहारात रोज सांजच्याले ग्रंथ वाचाचा. बावीस वर्सं बुढाच वाचते. सुनंदा म्हने, "मामाजी, यंदा मी सुरू करतो. तुमचा डोळा झाला का तुमी धरा. नाही झाला तं हायेच मी." चांगली बोलली पोरगी. बुढा हाव म्हनला.
ती गेल्यावर मोजलं. १७४.
"किती?" म्हने.
म्या म्हनलं, "एकशे अठ्ठावन."
काऊन म्हनलं कोन जाने. तोंडातून निंगालं. दहा मिन्टानं परत मोजलं तं १६२.
वहीत दोन्ही खरेच लिवले. पन हे काय झालं? गोळी तीच, खुर्ची तीच.

१९ जून
परत तसंच. निंगाला १६८, सांगतला १५०. थोड्या वेळानं १५८.
माही जीभ याच्या रक्ताले लागते. लग्नाले एवढे वर्सं झाले, हे आता समजलं. पह्यले समजतं तं...

२१ जून, शनिवार
उलटं बी पाहाव म्हनलं. निंगाला १५८, म्या सांगतलं १७६. बुढ्यानं हात उशीवरून काढला नाही. परत मोजलं तं १७०.
हे बरं नाही केलं. पन समजलं.
उलटं परत करनार नाही.

२३ जून, सोमवार
मी वावरात गेली होती. समोरचा रहीम टेलर येऊन बसला. बुढ्यानं त्याले वही देली, म्हने, माह्ये आकडे वाचून दाखव, कसे उतरून राह्यले पाह्य. रहीमनं वाचले. आकडेबी वाचले आन् रिकाम्या जागी लिवलेलं बी वाचलं. मेल्यानं बकरी बी नाही सोडली.
मी आली तं वही रहीमच्या हातात उघडी.
बुढा म्हने, "तू मले सांगतं एक आन् लिवतं एक."
"लिवलं तं खरं हाये ना?"
"वाचता येत होतं तवा तुही हिंमत नसती झाली."
म्या म्हनलं, "वाचता येत होतं तवा तुमी माही वही कवा वाचली?"
रहीम उठला. जाता जाता म्हने, "भाभी, तीस साल से नाप ले रहा हूँ. गिऱ्हाईक का पेट कितनाबी निकले, नाप जो है वोही बोलने का. नही तो शेरवानी फटती है." स्वतःच हासला. कोनी संग देली नाही.
सां. मोजलंच नाही. हात देत नाही.

२४ जून
हात देत नाही. जेवला. भाजीले अळनी बी म्हनला नाही. हे त्याच्याहून वाईट.
प्रज्ञाले सांगतलं तं म्हने, आजी तू बी ना. म्हने आजोबाचा इस्वास गेला तं आकडा चढनारच. मले शिकवते. पन खरं हाये. आता मी कितीबी सांगो, याले तो खोटाच वाटन.

२५ जून, बुधवार
सकाळी आपल्या मनानं खुर्चीवर येऊन बसला. म्हने, "नळ्या माह्या कानात दे. काटा तू पाह्य. मले आवाज आला का मी सांगन, गेला का सांगन. मंग कोन कोनाले फसवते पाहू."
याले दिसत नाही पन कान तिखट. मले उजव्या कानानं कमीच येते. गोष्ट डोक्याची होती, म्हनून म्या तसं म्हनलं नाही.
म्या हवा भरली, सोडत गेली. बुढा डोळे मिटून. एकदम, "आला." काटा १४८. बऱ्याच वेळानं, "गेला." ८६.
दीडशाच्या आत!
आपलंच रक्त आयकून लहान पोरावानी हासला. म्हने, "अवं, हे तं चालूनच हाये."

२६ जून
स. १४६. सां. १४४.
रहीमले हाका मारमारू सांगून राह्यला. सुनंदाच्या घरी बी निरोप गेला.
लयच चांगलं होऊन राह्यलं. मले चांगल्याची सवय नाही.

२७ जून, शुक्रवार
प्रज्ञानं पह्यल्या दिवशी सांगतलं होतं, पट्टा आवळला का मनगटाची नाडी बंद होते, हवा सोडत आनली का परत लागते. नाडी लागते आन् कानात पह्यला ठक येते, ते जवळपासच.
आज म्या एका हातानं हवा सोडली आन् दुसऱ्या हाताचे बोटं हळूच त्याच्या मनगटावर ठेवले. काटा १६२ वर आला तं नाडी टकटक उडाली. बुढा गप. १५६. गप. १५०. गप. १४४ वर म्हने, "आला."
म्या म्हनलं, "कुठून आला? एस्टीनं आला का? नाडी तं कवाची येऊन बसली."
पह्यले भांडला. मंग हात काढून घेतला.
"तू तीन दिवस खोटं सांगतलं, मी तीन दिवस. फिटलं."
म्या म्हनलं, "माह्यानं तुमचा डोळा जात नव्हता. तुमच्यानं जाईन. तो डॉक्टर हे आकडे पाहून डोळा उघडन."
बुढा म्हने, "तथी विहारात समोर बसाचं, आन् दुसऱ्यानं वाचाचं. मले पुढचं वाक्य पाठ असते. ओठ हालतात माहे."
"हालू द्या. कोन पाह्यते."
"मले तं दिसतही नाही कोन पाह्यते ते."
मी वहीत मागच्या पानावर गेली, २५ आन् २६ च्या आकड्यावर रेघ मारली, बाजूले लिवलं, खोटे, बुढ्याचे.
आजचा खरा १६४.

२८ जून
असं ठरलं. नळ्या त्याच्या कानात. काटा माह्या डोळ्यात. माहे बोटं मनगटावर. तो म्हनन आला, मी म्हनन लागली. दोन्ही जुळलं तं लिवाचं, नाही तं परत.
स. १६०/९२. सां. १५८/९०.
रहीम पाहून गेला. म्हने, "एक आदमी का बीपी लेने को पूरी पंचायत!"

२९ जून, रविवार
स. १५४. सां. १५६.
बोलता बोलता समजलं का जुनी गोळी उरली होती, ती संपवून मंग नवी घेईन म्हनून हा पह्यले पाच-सहा दिवस जुनीच खात होता. पैशाची वस्तू फेकावं कशी म्हने. म्या काय बोलली ते लिवत नाही, नात वाचन.
म्हनजे नवीले आता कुठं दहा-अकरा दिवस झाले. मंग माही जीभ किती लागली आन् गोळी किती? आता कसं समजनार. परत पह्यल्यापासून करावं लागन. बुढा कायले करू देते.

३० जून
स. १५०. सां. १५६.
दीडशाच्या आत म्हनजे दीडशे धरून का सोडून, विचाराचं राह्यलं.
सांजच्याले बुढा म्हनला नाही का थोडं कमी लिव म्हनून. नुसता पेन कुकडे चालते ते आयकून राह्यला होता. छप्पनच लिवले.

१ जुलै, मंगळवार. दवाखान्यात, बाकावर
सिस्टरनं मोजलं, १६६. एस्टीत उभा आला, जिना चढला, आन् लगेच पट्टा. म्या म्हनलं, बाई, पाच मिन्टं बसू द्या, पाय खाली ठेवू द्या. ती म्हने, आजी, तुमी नर्स का? म्या म्हनलं, माही नात हाये.
डॉक्टरनं वही पाह्यली. पानावर पानं पलटवले. बकरीवर थांबला. मंग म्हने, "हे काय लिवलंय, खोटे, बुढ्याचे?"
म्या सांगतलं.
"आन् बाकीचे खरे कशावरून?"
"डॉक्टरसाहेब, खोटे लिवाचे असते तं चांगले नसते लिवले?"
हासला. मंग हासनं थांबवलं आन् शेवटचे तीन दिवस परत वाचले. म्हने, उतरून राह्यलं, खरं हाये. तासभर बसवा. परत पाहू. उतरलं तं आज, नाही तं पुढची तारीख. पुढची तारीख म्हनजे पौर्निमेच्या नंतर.
दीडशे धरून का सोडून ते विचारलं. म्हने, आजी, पह्यले तिथपर्यंत येऊ तं द्या.

पाऊन तास झाला. बुढा खुर्चीवर बसला. पाठ टेकवून, पाय खाली. सांगाची गरज नाही पडली. १६६ त्याले कोनी सांगतला नाही. मले वाटलं विचारन. सांगावं का दडवावं, मी ठरवतच होती.
तोच म्हने, "सांगू नोको."
आपलेच दोन बोटं आपल्याच मनगटावर ठेवून बसला हाये.
सिस्टर आली. नाव घेतलं. म्या म्हनलं, नळ्या यांच्या कानात देता का? ती हासली. हासू दे. पट्टा बांधून राह्यली. बुढ्यानं डोळे मिटले. तिनं फुगा दाबला.
इथून काटा दिसत नाही. वही ठेवतो, उठतो.