तंबाखू वाचली, कान गेला

आबा,

लष्कराच्या सरावाच्या तोफा पुन्हा सुरू झाल्यात. डोंगरापलीकडे बार होतो आणि आपल्या पारनेरच्या घरातली मांडणीवरची भांडी वाजतात. तुम्ही असतात तर हातातला घास तसाच धरून आ वासून बसला असतात. ब्रह्मदेशच्या जंगलात तोफखान्यात लागलेली ती सवय. "बार व्हायच्या आदी त्वांड उघडायचं, न्हाईतर कानाचा पडदा फाटतो," असं तुम्ही सांगायचात, आणि आम्ही सगळी पोरंही ताटावर तोंडं उघडून बसायचो. आई कपाळाला हात लावायची.

तुमची हुकमी गोष्ट तिसगावच्या काकांची. काका तुमच्याच तोफेवरचे. तोफ सुटी करून खेचरांवर लादायची, चिखलातून न्यायची, भर पावसात पुन्हा जोडायची, समोर बांबूशिवाय काही दिसत नाही. आणि काका मात्र कुठून तरी मिळालेली तंबाखूची चिमूट सांडू नये म्हणून ओठ गच्च मिटून उभे. बार झाला, कानातून रक्त. "तंबाखू वाचली, कान गेला!" असं म्हणून तुम्ही मांडीवर थाप मारायचात. आपल्या घरात ती म्हणच झाली. चप्पल भिजू नये म्हणून उडी मारून कुणी पाय मुरगळून आलं, की हेच वाक्य.

तुमच्या दहाव्याला काका आले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी त्यांच्या चांगल्या कानाशी ओरडून तीच गोष्ट काढली. ते हसले नाहीत. "कसली तंबाखू, पोरी? माजा धाकला भाऊ गोळी लागून तोफंच्या बाजूला पडल्याला. तोफ तर थांबवता येत न्हवती. हंबरडा फुटंल म्हनून दात आवळले मी. तंबाखूचं तुज्या बापानं उठवलं, मला कुनी काय इचारू नये म्हनून."

तेव्हा मला तुमचा राग आला होता, आबा. एका माणसाच्या दुःखावर आम्हाला इतकी वर्षं हसवलंत म्हणून. आता येत नाही. आता कशाचंच काही वाटत नाही.

माझा मुलगा गेला. कांद्याचा टेम्पो घेऊन निघाला होता, घाटात उलटला. त्याला घरी आणलं तेव्हापासून मी रडलेली नाही. भाकऱ्या थापते, शेळ्यांना पाणी दाखवते, नातीची वेणी घालते. शेजारची म्हातारी रोज येऊन सांगते, "रड गं बाई, मोकळी व्हय." मागे बायका कुजबुजतात तेही ऐकू येतं. मला रडायचंय. पण एकदा तोंड उघडलं तर ते मिटणार नाही, अशी भीती वाटते. सून आत्ता कुठे दोन घास खायला लागली आहे. मी कोसळले तर तिला कोण धरणार?

आज सकाळी मी चुलीपाशी असताना बार झाला. घरात कुणी नव्हतं. तुम्ही शिकवलं होतंत तसं पुढच्या बाराआधी मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तशीच बसून राहिले. वासानं सून अंगणातून धावत आली.

"आई, काय हुतंय? दाढ दुखती का?"

मी होकाराची मान डोलावली. तिनं डब्यातून लवंग काढून दिली, आणि मी ती दाढेखाली धरून ओठ मिटले.

हा कागद कुठे टाकायचा मला ठाऊक नाही. घडी घालून लुगड्यांखाली ठेवीन. तुम्हाला म्हणून सांगते, आबा, दाढ दुखत नाही.