ओढ्याकाठचं शेत आणि नर्मदेचं कॉलेज

मी, दत्तराव सखाराम गव्हाणे, वय अडुसष्ट, पूर्वी कोळसा खाणीत इंजिनिअर, हल्ली वालूरला रिकामटेकडा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. दम लागतो तो खाणीच्या धुळीनं. डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर पुतण्या तात्याराव याची मुलगी कु. नर्मदा हिला. तिला नागपूरला खाण इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे आणि बाप अडून बसला आहे. म्हणतो, "काका, पोरीच्या जातीनं बिळात उतरायचं का? लोकं काय म्हनतील?"

२. लोकांचं मला सांगू नये. खाणीतला साहेब म्हणजे त्याला जमिनीखालचं पाणी दिसतं, असं समजून गावानं मला विहिरी दाखवत फिरवलं. मी सांगितलेल्या जागी गावातल्या आश्रुबानं विहीर खणली, तर नुसता मुरूम लागला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. माझी कुदळ त्याला द्यावी. हवं तिथं खणावं.

३. बायकांना जमिनीखाली काम करायला कायद्यानं बंदी आहे, हे खरं. मला ते पटत नाही. पण खाण म्हणजे नुसतं बीळ नव्हे. कुठं खणायचं, छत कशावर पेलायचं, आत हवा कशी खेळवायची, हे आधी वर बसून ठरतं. उघड्या खाणी आहेत, धरणांचे बोगदे आहेत, दगड तपासायच्या प्रयोगशाळा आहेत. झालंच तर मास्तरकी. आम्ही कोळसा काढतो असं लोक समजतात. अरे बाबांनो, सकाळी उतरलेली माणसं संध्याकाळी धडधाकट वर आणणं, हे आमचं खरं काम!

४. ओढ्याकाठचं शेत तात्यारावाला. मात्र या महिन्यात त्यानं नर्मदेचं नाव कॉलेजात घातलं तरच. नाहीतर ते भगवानरावाला जाईल, ज्याच्याशी तात्याराव बांधावरून कायम भांडत असतो. तेव्हा तात्यारावाचं तोंड बघायला मी नसेन, एवढीच हळहळ.

५. वरचा मजकूर काल तात्यारावाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "शेताचं मरू द्या, काका. तिची माय गेल्यापासून घरात बोलायला तीच हाय. ती बी गेली तर म्या कुनाशी बोलू?" गाढवानं हे आधी का सांगितलं नाही? मला लय वाईट वाटलं. सबब कलम चारची अट रद्द. शेत त्याचंच, नर्मदेला पाठवो की न पाठवो.

स्थळ वालूर, जि. परभणी. दि. १६ जुलै १९९८.

सही: दत्तराव सखाराम गव्हाणे
साक्षीदार: लिंबाजी शिंपी, चंद्रभान गुरुजी (चष्मा विसरले होते, माझा घालून सही केली)

पाचवं कलम बी ऐकलं. पोरीला नागपूरला सोडायला म्या सोता चाललो. — तात्याराव