सुरू, बंद आणि पोच

९ जानेवारी २०१९, बुधवार
टाकीवरचा डबा ‘सुरू’ म्हणतो, विहिरीवरचा ऐकत नाही! आज अकरापैकी चार वेळा ऐकलं. मधे टेकडीचा खांदा आहे, त्याला काय करणार?

तलासरीच्या पुढे, वरच्या पाड्यावर, ही आमच्या कंपनीची पहिली योजना. खाली विहीर, वर टाकी, अंतर नऊशे मीटर. टाकी रिकामी झाली की तिथला डबा बिनतारी संदेश पाठवतो आणि विहिरीवरचा डबा मोटार सुरू करतो. भरली की बंद. एवढंच. एवढंच होत नाही.

पाड्याचं पाणी बघतात त्या बुधीबाई म्हणाल्या, “पोरी, तुझा डबा आमच्या चैत्यावानी बहिरा दिसतो.” चैत्या त्यांचा मुलगा, मोटार सांभाळतो. शेजारीच उभा होता. “बहिरा नाय आये, तू ओरडतेस म्हणून ऐकत नाय.” सगळे हसले. मी आकडे लिहीत होते.

११ जानेवारी
बदल केला. आता विहिरीकडून ‘मिळाला’ अशी पोच येईपर्यंत टाकी तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवते. बारापैकी बारा! रवींद्र सर फोनवर खूश – कंपनी त्यांचीच. मी खूश नाही. सकाळी नऊचा ‘सुरू’ दुपारी पोचला तर? आणि तेव्हा मोटारीपाशी माणूस असला तर?

२२ जानेवारी
सरांना सांगितलं – संदेशाला वेळ जोडू. दहा मिनिटांहून जुना असेल तर विहिरीने टाकून द्यावा.
“म्हणजे दोन्हीकडे घड्याळ आलं. वीज गेली की घड्याळ चुकणार. मग ताजा संदेशही शिळा ठरेल आणि पाडा कोरडा. कशाला गुंता वाढवतेस?”
त्यांचं चुकत नाही, हेच वाईट आहे. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं.
तरी लेखी दिलं. उत्तर नाही.

३ फेब्रुवारी, रविवार
जमीन थांबेना. परवापासून भूकंपाचे किती धक्के, मोजणं सोडलं. पाड्यावर घरात कोणी झोपत नाही – ताडपत्र्या टाकून सगळे शेतात. मोटारीचा पाया सरकला आहे, त्यामुळे पंपाचा पट्टा सारखा निसटतो. चैत्या हाताने चढवतो. मोटार थांबलेली दिसली की सरळ हात घालतो!

म्हटलं, आधी मेन स्विच काढत जा.
“म्याडम, मेन काढला की तुमचा डबा मरतो. परत टाकीशी जुळाय तास घेतो. तवर बायका हंडे घेऊन माझ्याच नावानं बोंबलतात. त्यात आये पुढं.”
खरं आहे. चुकीचा संदेश मानला जाऊ नये म्हणून दोन डब्यांची ती लांबलचक ओळखपाळख मीच घातली आहे.

पूर्वी कसं चालायचं, विचारलं. बुधीबाई टाकीवरून हाक मारायच्या, चैत्या खालून “होऽऽ” म्हणायचा, मग स्वतः खटका दाबायचा. बंद मोटार म्हणजे चैत्याने बंद केलेली मोटार. आता बंद म्हणजे नुसती बंद. त्याच्या हाताला हे अजून कळलेलं नाही.

४ फेब्रुवारी
सरांना पुन्हा फोन. “मार्चनंतर बघू.”

१२ फेब्रुवारी, मंगळवार
चैत्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

क्रमाने लिहून ठेवते. सकाळपासून टाकी रिकामी, संदेश पोचत नव्हता. पावणेबाराला मी टाकीवर होते. ‘सुरू’च्या चाचणीचं बटण तीनदा दाबलं. तिन्ही वेळा तांबडा दिवा – पोच नाही. म्हणून अँटेना फिरवायला शिडीवर चढले. तेवढ्यात खालून आरडाओरडा. चैत्या पट्टा चढवत होता आणि मोटार सुरू झाली.

सकाळचा अडकलेला संदेश. दुसरं काही असूच शकत नाही. मी सांगितलं होतं. लेखी!

जीपमध्ये त्याचा हात माझ्या ओढणीत गुंडाळलेला. तो एकच सांगत होता – “मी बघितला ना म्याडम, बंद होती. बंदच होती.”

१३ फेब्रुवारी
काही नाही.

१५ फेब्रुवारी
कंपनीचा अहवाल तयार. ‘मेन स्विच न काढल्यामुळे अपघात. चूक ऑपरेटरची.’ म्हणजे चैत्याला भरपाई नाही, त्याचं कामही गेलं. माझी सही मागितली. दिली नाही. सर म्हणाले, “भावनेच्या भरात ठरवू नकोस.” मला हे पहिल्यांदाच कोणी म्हटलं.

तलासरीला दवाखान्यात गेले. बुधीबाईंना माझं २२ जानेवारीचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.
“म्हंजे तुला आधीच म्हाईत होतं.”
हो म्हटलं. वाटलं, आता मला बोल लावतील. त्यांनी चैत्याच्या पायांवरची चादर सारखी केली.
“मग सोमवारी पंचायतीत हेच बोल. माझ्या पोराची चूक नाय, एवढंच बोल. माझं कोण ऐकंल? तू शिकलेली, तुझं ऐकतील.”
चैत्या म्हणाला, “बघा म्याडम, आये पयल्यांदाच माझ्या बाजूनं बोलते.” हसायला गेला आणि कळ आली.

पत्राला डब्यातली नोंद जोडायची. कोणता संदेश किती वाजता आला, सगळं त्यात असतं. मग सरांना बोलायला जागाच उरणार नाही.

१७ फेब्रुवारी
विहिरीवरच्या डब्यातली नोंद वाचली. सकाळचा एकही संदेश पोचलेला नाही. ११:४७:०७ – सुरू. हाताने दिलेली आज्ञा, चाचणी क्रमांक एक. पहिल्याच खेपेला पोचली. परतीची पोच तेवढी वाटेत हरवली.

उद्या अकराला बुधीबाई मला बोलायला उभं करणार आहेत.