मागे राहिलेल्या तीन केळी

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चि. मास्तरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा थंडीत कुरकुरत होता, आता चालतोय. मला डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की यंत्र जुनं आहे, पण चालू आहे. बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करताना हेच वाक्य मी शेकडो सोसायट्यांना ऐकवलं, तेव्हा त्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला ठाऊक आहे.

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. सव्वा वर्षात माझ्याकडून तुला एक शब्द नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मला दोनच वाक्यं येतात, ‘बोला’ आणि ‘ठेवतो’.

तू लावलेल्या केळींचं सांगतो. तिन्ही आहेत. मधलीला घड लागलाय, आठ फण्यांचा. मी मोजल्या, मग हिने मोजल्या आणि मला सांगितलं की माझं बरोबर आहे. वजनाने बुंधा मोरीच्या बाजूला कलायला लागला म्हणून दोन बांबूंची कैची करून टेकू दिलाय. शेवटची फणी धरल्यावर खाली लोंबणारं फूल कापून टाकलं. पाखरं चोची मारतात म्हणून घडाभोवती हिची जुनी ओढणी गुंडाळली आहे. शेजारचे म्हणाले, “केळीला सर्दी झाली का?” मी म्हटलं, “हो, तुम्हीही लांबच राहा.”

पाणी रोज नाही घालत. माती बोटभर खणून बघतो, आत ओल असली तर हात आखडता घेतो. पहिल्या उन्हाळ्यात मी चार चार बादल्या ओतत होतो. पानं पिवळी पडली की वाटायचं तहान लागली, म्हणून अजून ओतायचो. कंदाशी डबकं साचलं आणि भिंतीकडच्या केळीची मुळं कुजायला लागली. मग चर खणून पाणी बाहेर काढलं. आता बुंध्याभोवती वाळक्या पानांचं जाड अंथरूण असतं, त्यात भाजीची देठं, सालं, जे असेल ते.

पिल्लं मात्र फार येतात. त्यातली कुठली ठेवायची आणि कुठली काढायची हे मला कळत नव्हतं. रुंद पानांचं गुटगुटीत पिल्लू दिसायला छान, पण त्याची मुळं वरवरची. तलवारीसारख्या अरुंद पानाचं जे असतं, तेच खरं. प्रत्येक केळीला असं एकच ठेवलंय, बाकीची पहारीने कंदापासून सोडवून काढली.

हे सगळं मला कुणी शिकवलं, असं तू विचारणार नाहीस. कारण तूच शिकवलंस, म्हणून तर मास्तरीणबाई. तुझ्या सासूबाईंना वाटतं मला पत्ता नाही. गेल्या वर्षी एकदा मी मागच्या दाराशी उभा होतो आणि ही धुण्याच्या दगडापाशी फोनवर हळू आवाजात बोलत होती, “हो गं, कडेनं पिवळी होतायत, जुनीच पानं.” आत आली तेव्हा मी विचारलं, “कोण होतं?”

“दूधवाला.”

“दूधवाल्याला ‘गं’ म्हणतेस?”

ती कांदा चिरायला बसली. संध्याकाळी मात्र जेवताना आपणहून म्हणाली, “त्या केळींना पोटॅश कमी पडत असणार. लाकडाची राख घालून बघा.” चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्या तोंडून पोटॅश हा शब्द ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीवाल्याकडून राख आणली. तेव्हापासून असंच चाललंय. मला काही अडलं की मी हिच्यादेखत मोठ्याने म्हणतो, आणि दोन दिवसांनी उत्तर येतं.

आता हे का लिहितोय ते लिहायला हवं. पाऊण कागद भरला तरी मी मोरीच्या आसपासच घुटमळतोय.

तू गेलीस त्या दिवशी मी खोलीतून बाहेर आलो नाही. आदल्या दिवशी तुला म्हणालो होतो, तुझं जे काही असेल ते सगळं घेऊन जा, मागे काही ठेवू नकोस. तू दाराबाहेरून म्हणालीस, “बाबा, केळी नेता येत नाहीत. त्यांच्याकडे बघा.” स्वयंपाकघराच्या दारावर तू सूचनांचा कागद चिकटवला होतास, एक ते बारा, खाली रेघ मारून. तो मी त्याच दिवशी फाडला. आठ दिवसांनी हत्यारांच्या पेटीतली करवत काढली आणि तिन्ही केळी गुडघ्याएवढ्या ठेवून कापल्या.

हे हिने तुला सांगितलं नसेल. माझी लाज तिने झाकली.

केळीचा बुंधा कापायला वेळ लागत नाही. आत पाणीच असतं. मी हात धुऊन चहा घेतला. संध्याकाळी मोरीशी गेलो तर तिन्ही बुंध्यांच्या मधोमध एकेक हिरवट नळी वर आलेली, बोटभर. मला वाटलं माझी कापणी वाकडी झाली. सकाळी ती वीतभर होती. मी पुन्हा कापलं. पुन्हा आली. तिसऱ्यांदा करवत घेऊन निघालो तेव्हा ही मागच्या दारात आडवी उभी राहिली.

“पुरे आता,” ती म्हणाली. “झाड आहे ते. ती नाही.”

मी करवत पेटीत ठेवली आणि तिथल्या दगडावर बसलो. त्यानंतर रोज सकाळी तिथे बसायची सवय लागली. आधी नुसता बसायचो. मग पाणी घालायला लागलो.

पण मला तुला सांगायचंय ते करवतीचंही नाही.

गेल्या मंगळवारी मी पिल्लं काढत होतो. ही टोपली धरून उभी होती. तिने फोन लपवायचं आता सोडून दिलंय. म्हणाली, “ती अजून आपल्या मुलाचा फोटो कपाटात उलटा ठेवते. म्हणते, त्याच्याकडे बघवत नाही.” मी विचारलं, “का?” तर ती म्हणाली, “तुम्हीच बोलला होतात ना तेव्हा.”

मला आठवण करून द्यायची गरज नव्हती. तुझ्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांनी तुला विचारलं आणि तू आधी आमच्याकडे आलीस. तो जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तू ताटावर बसून म्हणालीस, “तुम्ही दोघं नको म्हणालात तर मी नाही म्हणेन.” ही लगेच हो म्हणाली. मी हात धुतला आणि म्हणालो, “त्याला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, ते तूच ठरव.” तू सहा महिने ठरवत बसलीस आणि मग त्यांना हो म्हणालीस.

तो काय म्हणाला असता हे मला माहीत होतं. कारण तो मला म्हणाला होता.

हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, दुपारी. तू डबा धुवायला गेली होतीस आणि ही खाली औषधांच्या रांगेत होती. त्याने मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. म्हणाला, “बाबा, ती हट्टी आहे. माझ्या नावाने इथेच बसून राहील. तिला बसू देऊ नका. तिचा संसार पुन्हा उभा राहिला पाहिजे. तिला कुणी आवडला, तर हे मी म्हटलंय असं तिला सांगा.” मी हो म्हणालो. त्याने माझा हात धरून पुन्हा एकदा वदवून घेतलं, “नक्की सांगाल?” मी नक्की म्हणालो. मग तू डबा पुसत आत आलीस आणि मी खुर्ची मागे सरकवली.

मी सांगितलं नाही. पहिले काही महिने वाटलं, इतक्यात कशाला. मग कामावरून आल्यावर तुझ्या चपलांचा, भांड्यांचा आवाज यायचा आणि वाटायचं, सांगितलं की हे थांबेल. त्याच्या खोलीतला दिवा लागायचा तो तुझ्यामुळे. मी तुझ्या भल्याचा विचार केला नाही, माझ्या घराचा केला. आणि तू विचारायला आलीस तेव्हा गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी त्याचंच नाव पुढे करून तुला अडवलं. त्याने जे मोकळं केलं होतं ते मी त्याच्याच नावाने बांधलं.

मंगळवारी मी पहार खाली ठेवली आणि हिला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, बस. आज दुपारी माझ्यासमोर हा कागद आणि पेन ठेवलं. “मला सांगून काय उपयोग?” म्हणाली. “जिचं आहे तिला द्या.”

म्हणून देतोय. तीन वर्षं उशिरा. माफ कर असं लिहिणार होतो, पण माफी मागायचा हक्क मी आधी मिळवायला हवा, तो कसा मिळवतात हे मला ठाऊक नाही. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. फोटो मात्र सरळ कर. त्याचं तुझ्यावर काही मागणं नव्हतं. तुझ्या यजमानांना माझा नमस्कार सांग, ते स्वीकारतील तर.

त्याचा निरोप उशिरा पोचवणारा,
बाबा


२० फेब्रुवारी, शुक्रवार

ती. बाबांना,

नमस्कार लिहायचं राहिलं असं समजू नका, तो आहेच. आईंच्या गुडघ्याला गरम पाण्याचा शेक चालू ठेवा.

तुमचं पत्र सोमवारी आलं. मी ते ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि नंतर दिवसभर एका घराच्या नकाशावरची एकच भिंत चार वेळा खोडली. घरी आल्यावर ह्यांना वाचायला दिलं. ते वाचून म्हणाले, “आपण जाऊन येऊ या.” मी म्हटलं, आत्ता नाही. आत्ता गेले तर मी काहीतरी असं बोलेन की मग तुम्ही पुन्हा सव्वा वर्ष खोलीत बसाल.

खरंच राग आला, बाबा. अजून आहे. तुम्ही त्या दिवशी ताटावर ते बोललात त्यानंतर मी रोज त्याची माफी मागितली आहे. लग्नाच्या दिवशी सकाळीसुद्धा, न्हाणीघरात कडी लावून. ज्याने मला जा म्हणून सांगितलं होतं, त्याची. ते दिवस तुम्ही मला परत देऊ शकत नाही, आणि देता येत नाहीत हे तुम्हाला कळलंय म्हणून मी उत्तर लिहितेय.

फोटो बुधवारी बाहेर काढला. पुस्तकांच्या कपाटावर ठेवलाय. ह्यांनी त्याखालची धूळ पुसली, मी नाही. मला अजून थोडा वेळ लागेल.

करवतीचं मला माहीत होतं. आईंनी त्याच संध्याकाळी फोन केला होता आणि मी म्हटलं होतं, काळजी नको, केळ कापल्याने मरत नाही, त्यांना दोन-तीनदा कापू देत. पोटॅश हा शब्द मी त्यांच्याकडून सहा वेळा म्हणून घेतला होता.

घड आत्ता काढू नका. फळांच्या कडा अजून टोकदार असतील. त्या भरून गोल झाल्या की काढा. कापताना एकाने घड धरायचा, एकट्याने जमत नाही, आणि चीक कपड्यांवर पडू देऊ नका, जात नाही.

आम्ही पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी येतो, दोघं. जेवायला थांबू. तोवर तुम्ही एक करा. त्याने त्या दुपारी जे सांगितलं, ते तुम्ही कागदावर लिहिलंत, ते मी वाचलं. पण मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, आईंसमोर आणि ह्यांच्यासमोर, सगळं, त्याच्याच शब्दांत. मध्येच हात धुवायला उठायचं नाही.

ऐकायला येणारी,
तुमची सून