आत्याला जखम हवी

३ फेब्रुवारी
संपादकबाईंनी कादंबरी परत पाठवली! खलनायिका सपाट आहे म्हणे. "उगाच कुणी दुष्ट नसतं हो. तिला भूतकाळ द्या. एखादी जखम."
आता काय करू? माझी सख्खी आत्या उचलून घातलीय, नुसतं नाव बदलून. आणि ती उगाचच दुष्ट होती! मी अकरा वर्षांची होईपर्यंत मनगट धरून मला ओढत न्यायची. एक मिनिट एकटं सोडणं नाही. न्हाणीघरात गेले तरी दाराबाहेर उभी — "आहेस ना गं? बोल काहीतरी!" तोंडाला साबण, आणि मी आतून पाढे म्हणतेय.

५ फेब्रुवारी
मोडलेलं लग्न सुचवलं. बाई म्हणाल्या, "या महिन्यात तीन आलीत." आग? "आग फार झाली." पूर? "पुरात गर्दी होते. जखम कशी, एकटीची हवी."

६ फेब्रुवारी
नवरा दातांचा डॉक्टर. म्हणाला, "अक्कलदाढ दे तिला." याच्याशी साहित्यावर बोलणं बंद.

९ फेब्रुवारी
सुचलं! कपडे वाळत घालताना! आत्या लहानपणी अडगळीच्या खोलीत कोंडली गेली होती. एका बैठकीत बारा पानं — एक खाडाखोड नाही. फिनाइलचा वास, दाराखालून येणारी उजेडाची पट्टी, फ्रॉकची पिवळी बटणं चाचपत बसलेली पोर. कुठून येतं हे! प्रतिभा म्हणतात ती हीच असावी. (इथे कोण बघतंय, लिहून टाकते.)

१४ फेब्रुवारी
बाई फोनवर चक्क रडल्या! "आता कळली हो तुमची आत्या. आईला मात्र हात लावू नका. इतकी शांत, सोशिक! तिला जखम नको." आईचं पात्र माझ्या आईवरूनच घेतलंय. पुस्तकही तिलाच अर्पण. असती तर किती सुखावली असती.

२ मार्च
नवरा म्हणाला, "छापण्याआधी आत्याला दाखव, नाहीतर कोर्टात खेचेल." म्हणून बाड घेऊन गेले. ती भिंग लावून वाचत होती, मी तिला माफ करायच्या तयारीत समोर बसलेली. चेहरासुद्धा ठरवला होता — उदार, किंचित थकलेला.
तिने कोंडल्याचं प्रकरण संपवलं. भिंग खाली ठेवलं.
"बटणं पिवळी, हे कुणी सांगितलं तुला?"
"कुणी नाही. कल्पना आहे ती."
"सहा होती. मीच शिवला होता तो फ्रॉक."
"स्वतःचा?"
"तुझा गं! चार वर्षांची होतीस. मी कामावरून आले, तर घरात तुझा आवाजच नाही. शोध शोध शोधलं. शेवटी अडगळीच्या खोलीची कडी काढली, तर तू आत. रडतसुद्धा नव्हतीस."
मी हसले. का हसले, कोण जाणे. ठरवलेला चेहरा कुठल्या कुठे गेला. घरी येताना दोनदा चुकीच्या वळणावर वळले.

३ मार्च
सकाळीच आत्याला फोन केला. विचारलं — कडी बाहेरून कुणी लावली होती?
तिने उलट विचारलं, छापायला दिलंस का? मग म्हणाली, "तुझी आई आता नाहीये. पुस्तकात वाईट मीच राहू दे."