जालन्यापर्यंत आलेला समुद्र

जालना, मंगळवार, संध्याकाळ

जमलं! संगणकावरच्या नकाशात किनारा अखेर स्वच्छ दिसतोय.

उद्या महिला मंडळात पावसावर माझं व्याख्यान. अध्यक्षबाई काल म्हणाल्या, "समुद्र वगळा हो, जालन्याला त्याचं काय?" काय म्हणजे? पाऊस काय अंबडहून येतो? असं बोलल्यावर आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी हातावर पट्टी मारली असती. जन्मभर भूगोल शिकवून मी हे ऐकायचं?

म्हणून एकाच नकाशावर दोन्ही हवंच होतं, जमिनीवर पाऊस आणि पाण्यावर समुद्राची उष्णता. पण हे आकडे मोठ्या चौकोनांत मिळतात, प्रत्येक चौकोनाला एकच आकडा, आणि चौकोनांना किनारा कळत नाही. पाऊस समुद्रात सांडत होता, उष्णता रत्नागिरी गिळत होती. उपाय एकच, किनाऱ्याचा मास्क. रांगोळीच्या छापासारखा, भोक असेल तिथेच रंग पडतो.

मी तो आधी उलटाच लावला. अख्खा मराठवाडा समुद्राच्या रंगात निळाशार! शेजारच्या कमलाभाभी चहा घेऊन आल्या होत्या. "अरे बाप रे, बाई, जालन्यात समुद्र? मंग जहाज कुठं लागून राह्यलं, जाफराबादला?" मी इतकी हसले की चहा सांडला.

छाप सुलटा केला. आणि तो किनारा! पाऊस अलीकडे, उष्णता पलीकडे, मध्ये एक बारीक रेघ. पुन्हा पुन्हा बघतेय.

भाभीही बघत राहिल्या. "इतकं पाणी तिकडं, आन् आपल्याकडं टँकर. असं कसं हो?"

बस्स! उद्या सुरुवात याच प्रश्नाने. अध्यक्षबाईंना पहिल्या रांगेत बसवून.